भुयारी मेट्रोत पहिल्यांदा बसून राहिले का? मग हे वाचून घ्या

दारव्हा, दिग्रस, नेर, पुसद, कारंजा इकडचे लोकं मुंबईला कशाला जाते, तर मंत्रालयात फाइल अडकली, नाही तर पोराची परीक्षा, नाही तर दवाखाना, नाही तर आझाद मैदानावर आंदोलन. हौसेनं जाणारे कमीच. अन् सीएसएमटीला उतरलं की बाहेर टॅक्सीवाला उभाच, त्याला बोलण्यावरूनच समजते की पार्टी विदर्भातली आहे. आता ते सगळं थोडं बदललं. ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईची भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो ३, ॲक्वा लाइन म्हणते तिला, कफ परेडपासून आरे जेव्हीएलआरपर्यंत पूर्ण चालू झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातलं फक्त आरेचं स्टेशन जमिनीवर, बाकी सगळी २६ जमिनीखाली. अन् त्यातलं एक स्टेशन नेमकं सीएसएमटीला, जिथं आपली विदर्भ एक्स्प्रेस, सेवाग्राम, अमरावती एक्स्प्रेस येऊन थांबते. तिकीट १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत.

मी गावात रिझर्वेशनचे अन् ऑनलाइन फॉर्मचे कामं करतो, दुकानावर रोज कोणी ना कोणी विचारतेच की भाऊ ते जमिनीखालच्या गाडीत कसं बसायचं, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. माझा साळा एका मेट्रोत मेंटेनर आहे, आयटीआय करून लागला, त्याच्याकडून ती गाडी आतून कशी चालते तेही ऐकलेलं आहे, तेही सांगतो कारण ते समजलं की अर्धी भीती तिथंच जाते.

सगळ्यात आधी एक सवय सोडा. आपल्याकडे यष्टी दिवसातून दोनदा, सुटली तर दिवस गेला, म्हणून गाडी दिसली की धावत सुटायचं हे आपल्या हाडात बसलेलं आहे. मेट्रोत धावायचं नाही. एक गेली तर पाच-सहा मिनिटांत दुसरी येते, तीच गाडी, तेवढेच डबे, तिकडेच जाणारी. जेवढे लोकं मेट्रोत पडते, चेंगरते, पिशवी दरवाज्यात अडकवून घेते, चुकीच्या बाजूला बसून जाते, ते जवळपास सगळे धावणारे असते.

दुसरी गोष्ट, आपल्याला जिथं उतरायचं ते स्टेशन तर पाठ असतेच, पण गाडीचं शेवटचं स्टेशन पाठ पाह्यजे. प्लॅटफॉर्मवर बोर्ड असते तो शेवटच्या स्टेशनाचा. या लाइनवर दोनच टोकं आहेत, एक कफ परेड अन् एक आरे जेव्हीएलआर. सीएसएमटीहून मंत्रालयात जायचं असेल तर कफ परेडकडची गाडी पकडायची अन् तिसऱ्या स्टेशनला उतरायचं: हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन. मंत्रालय विधान भवन स्टेशनाच्या जवळ आहे. बाकी जवळपास सगळं आरेच्या बाजूला, म्हणजे सिद्धिविनायक, दादर, बीकेसी (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स), युनिव्हर्सिटीसाठी विद्यानगरी, विमानतळाचे दोन्ही टर्मिनल. सिद्धिविनायक सीएसएमटीपासून नववं स्टेशन. घरून निघतानाच कागदावर तीन ओळी लिहून घ्या, कुठून बसायचं, शेवटचं स्टेशन कोणतं, कुठं उतरायचं. मोबाइलात नाही, कागदावर, कारण जमिनीखाली नेट कधी लागते कधी नाही लागत अन् नेमकं स्क्रीनशॉट शोधायच्या वेळीच बॅटरी दोन टक्क्यांवर येते.

कुठं मेट्रो कामाची नाही तेही सांगून ठेवतो, कारण हे कोणी सांगत नाही. टाटा हॉस्पिटल अन् केईएमला जायचं असेल तर ही भुयारी मेट्रो तुमच्या रस्त्यात येत नाही, ते परळला आहे, तिथं लोकल किंवा बस-टॅक्सीच बरी, अन् पेशंट सोबत असेल तर पैसे वाचवायच्या भानगडीत पडूच नका. आझाद मैदान तर सीएसएमटीहून पायीच होते, मेट्रो कशाला पाह्यजे. महालक्ष्मी नावाचं स्टेशन पाहून देवीच्या दर्शनाला उतरू नका, मंदिर तिथून बरंच दूर आहे, रेसकोर्सच्या पलीकडे. अन् दादरचं असं आहे की मेट्रोचं दादर स्टेशन पश्चिमेच्या बाजूला आहे, आपल्या गाड्या थांबते ते मध्य रेल्वेचं दादर वेगळं, मधात बरंच चालणं आहे, म्हणून बोरी-थैल्या सोबत असतील तर दादरला न उतरता सरळ सीएसएमटीपर्यंत जा. चैत्यभूमीला मात्र दादर मेट्रो जवळ पडते, पण ६ डिसेंबरला तिथं पोलीस अन् समता सैनिक दलवाले ज्या बाजूनं सांगतील त्याच बाजूनं जायचं, त्या दिवशी नकाशा चालत नाही.

मुंबईच्या आधी एकदा नागपूरला प्रॅक्टिस करून घ्या, हे माझं सगळ्यांना सांगणं आहे, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर. नागपूरची मेट्रो भुयारी नाही, वरून चालते, पण तिकीट, गेट, सरकता जिना, दरवाजे सगळं तसंच. २०१९ मध्ये चालू झाली, २०२२ च्या डिसेंबरात पहिला टप्पा पूर्ण झाला, दोन लाइन आहेत, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक अन् प्रजापती नगर ते लोकमान्य नगर, दोन्ही सीताबर्डीला भेटते. कोर्टाच्या तारखेला किंवा मेडिकलला नागपूरला गेले की अर्धा तास काढा, सीताबर्डीला वर चढा, एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर जाऊन पाहा. तिथं गर्दी कमी, मागून कोणी ढकलत नाही, अन् चुकलं तरी बोलायला आपल्याच भाषेतला माणूस असते. आमच्या मोठ्या मायनं पहिला सरकता जिना तिथंच चढला, चढताना म्हणे, "मले नाई जमत बावा, तुमी जा", अन् वर पोचल्यावर म्हणे पुन्हा एकदा खाली जाऊन येऊ.

सरकत्या जिन्याचं नीट सांगतो. पाय पिवळ्या पट्टीवर नाही, पायरीच्या मधात ठेवायचा, अन् खाली बघत नाही तर समोर बघत. नऊवारी लुगडं असेल तर काष्टा वर खोचून घ्या, पदर कमरेला, धोतराचा सोगा हातात, कारण कपडा बाजूच्या फटीत गेला की मशीन काही सोडत नाही. लेकराच्या पायात रबरी चप्पल असेल तर जास्तच लक्ष द्या, ते मऊ रबर कडेला घासून आत ओढल्या जाते. उजव्या-डाव्या बाजूचा काळा रबरी कठडा पायरीसोबतच सरकते, तो धरायचा. वरच्या टोकाला पोचलं की लगेच पुढं सरका, तिथंच उभं राहून "आता कुठं जायचं" असा विचार नका करू, मागचे लोकं जिना आपोआप तुमच्या अंगावर आणून टाकते. जिन्याच्या खाली अन् वर एक लाल बटण असते, कोणी पडलं किंवा कपडा अडकला तर ते दाबा, जिना थांबते. फक्त तेवढ्यासाठीच दाबा. अन् हे सगळं नको असेल तर लिफ्ट आहे, प्रत्येक स्टेशनाला आहे, म्हाताऱ्यांसाठी अन् अपंगांसाठीच आहे, त्यात लाज कशाची.

तिकीट काउंटरवर मिळते, मशीनवर मिळते, ॲपवर मिळते. पहिल्यांदा जाऊन राहिले तर काउंटरच बरं, स्टेशनाचं नाव सांगायचं, माणसं किती सांगायचे, क्यूआरचं तिकीट मिळते. गेटवर तो चौकोनी क्यूआर काचेवर धरायचा, गेट उघडलं की एकच माणूस जायचा. नवरा-बायको एकाच वेळी घुसायला जाते अन् मंग गेट बंद होते अन् एक आत एक बाहेर. प्रत्येकाचं तिकीट प्रत्येकाच्या हातात ठेवा, घरच्या कारभाऱ्याच्या खिशात सगळ्यांचे नको. अन् आत गेल्यावर तिकीट फेकू नका, चुरगळू नका, बाहेर पडताना तेच पुन्हा दाखवायचं असते, नाही तर दंड. आत विनाकारण तासन्‌तास बसून राहिलं तरी पैसे लागते, एसी आहे म्हणून दुपारची झोप काढायची ती जागा नाही. वर्षातून चार-पाचदा मुंबई-दिल्ली होत असेल तर नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड काढून ठेवा, रुपेचं असते, एकच कार्ड बऱ्याच शहरांच्या मेट्रोत चालते. थोडी रोख रक्कम मात्र नेहमी खिशात पाह्यजे.

आता सामान. आपलं सामान म्हणजे तुरीच्या डाळीचा कट्टा, ज्वारीचं पीठ, वड्या-पापडाचा डबा, लोणच्याची बरणी, संत्र्याची पेटी. पाव्हण्याकडे रिकाम्या हातानं जाता येत नाही हे मलाही समजते. पण मेट्रोत सामान स्कॅनर मशीनमधून जाते अन् ते उचलून टाकायचं तुम्हालाच असते, हमाल नाही. एका माणसाला एकट्यानं उचलून जिन्यावर धरता येईल एवढंच न्या. चालत नाही ते म्हणजे रॉकेल, पेट्रोल, गॅस, फटाके, फवारणीचं औषध, विळा-कोयता. औषधाची बाटली दुकानात बदलून आणायची म्हणून सोबत नेणारे लोकं आहेत, म्हणून सांगितलं. लोणच्याची बरणी तेल गळणार नाही अशी बांधा, स्कॅनरवाला तिखटाच्या वासानं काही करत नाही पण पट्ट्यावर तेल सांडलं की मागच्या सगळ्या लायनीचे शिव्याशाप.

अन् खर्रा. हो, त्याच्याबद्दल बोलावंच लागते. खाली उतरायच्या आधीच थुंकून, चूळ भरून मोकळे व्हा. आत थुंकायला जागाच नाही, कोपऱ्यात कॅमेरे आहेत, दंड आहे, अन् तोंडात तोबरा धरून काउंटरवर "शिद्दीइनायक" म्हटलं तर तो माणूस तिकीट भलतीकडचंच देईल. दारू पिऊन जाल तर आतच सोडत नाही.

प्लॅटफॉर्मवर गेलं की पहिल्यांदा चमकायला होते कारण रूळच दिसत नाही. मुंबईच्या भुयारी स्टेशनांत प्लॅटफॉर्मच्या कडेला पूर्ण काचेची भिंत आहे अन् त्या भिंतीला दरवाजे आहेत, गाडी येऊन बरोबर त्या दरवाज्यांसमोर थांबते, मंग दोन्ही दरवाजे सोबत उघडते. म्हणजे कोणी रुळावर पडूच शकत नाही. खाली बाण काढलेले असते, कडेचे बाण चढणाऱ्यांचे, मधला उतरणाऱ्यांचा. आधी उतरणारे उतरू द्यायचे. लोकलमध्ये जसं घुसावं लागते तसं इथं नाही, ते मुंबईचे लोकंही इथं आले की जरा सुधरते. आत गेलं की दरवाज्यात उभं राहू नका, मधात सरका, सगळे आठ डबे आतून जोडलेले आहेत, मोकळा डबा दिसला तर चालत जाता येते. खाली मांडी घालून बसायचं नाही, कितीही पाय दुखत असले तरी, तो नियमच आहे. प्रत्येक स्टेशन यायच्या आधी मराठीत सांगते, दरवाज्यावर पट्टी असते तिच्यावर दिसते. उतरायचं स्टेशन चुकलं तर घाबरायचं काहीच नाही, पुढच्या स्टेशनाला उतरा, गेटबाहेर न पडता उलट्या दिशेची गाडी पकडा, परत या.

उतरल्यावर खरी फजिती होते ती बाहेर पडायच्या वेळी. एका स्टेशनाला चार-पाच बाहेर पडायचे रस्ते, प्रत्येकाला नंबर-अक्षर, अन् चुकीच्या रस्त्यानं वर आलं तर मोठ्या हमरस्त्याच्या भलत्या बाजूला निघते माणूस. गेटच्या आधी भिंतीवर मोठा नकाशा असते, कोणत्या रस्त्यानं काय जवळ आहे ते लिहिलेलं असते, दोन मिनिटं तिथं उभे राहून वाचा. नाही समजलं तर गणवेशातल्या माणसाला विचारा. कोणी भेटायला येणार असेल तर त्याला "मेट्रो स्टेशनाच्या बाहेर" असं सांगू नका, कोणत्या नंबरच्या रस्त्यानं निघता ते सांगा, नाही तर तो एका तोंडाशी अन् तुम्ही दुसऱ्या तोंडाशी, अन् दोघं फोनवर "मी इथंच उभा आहे ना भाऊ".

आता ही गाडी चालते कशी. खोलीचं म्हणाल तर ही स्टेशनं आपल्या माळरानातल्या खोल विहिरीएवढी खाली आहेत, वीस-पंचवीस मीटरपर्यंत, अन् खाली लागलेला दगडही बहुतेक तोच काळा पाषाण आहे जो आपल्याकडे विहीर खोदताना लागते, लाव्ह्याचा दगड मुंबईपासून इकडे आपल्यापर्यंत पसरलेला आहे. आपण सुरुंग लावून फोडतो, तिथं बोगद्यासाठी १७ मोठ्या मशिनी खाली उतरवल्या, टीबीएम म्हणते त्यांना, समोरचं गोल चाक फिरत फिरत दगड कुरतडत जाते अन् मागून सिमेंटचे तुकडे बसवून गोल भिंत तयार होत जाते. त्या मशिनींना नद्यांची नावं दिली होती, कृष्णा, गोदावरी, सूर्या, अन् त्यात वैनगंगाही होती. मुंबईच्या पोटातून वैनगंगा गेली हे आपल्याकडे कोणाला माहीत नाही.

गाडी चालते विजेवर, वर २५,००० व्होल्टचा कंडक्टर, म्हणजे वीज वाहणारी पट्टी, असते त्यातून. म्हणून सेल्फी स्टिक, लांब बांबू, झेंड्याची काठी असलं काही वर करत फिरू नका, आंदोलनाला जाणाऱ्यांनी तर ध्यानातच ठेवा. ब्रेक मारला की त्या गाडीची मोटार उलटी जनरेटरसारखी काम करते अन् वीज परत तारेत पाठवते, ती वीज जवळच चढावर निघालेल्या दुसऱ्या गाडीला कामी पडते. साळा म्हणते हे त्याला ट्रेनिंगमध्ये समजलं तेव्हा त्याला आपल्या शेतातल्या मोटारीचाच राग आला, ती फक्त घेतेच.

दोन गाड्यांच्या मधात अंतर कसं ठेवते तर प्रत्येक गाडी रेडिओवर सतत आपली जागा कळवत राहते अन् मागच्या गाडीला कॉम्प्युटर सांगते की तू इथपर्यंत या स्पीडनं येऊ शकते. ड्रायव्हर असते समोर, पण बराचसा वेळ गाडी आपोआपच चालते, तो दरवाजे अन् समोरचं लक्ष ठेवते. सगळ्या लाइनचं एक कंट्रोल रूम असते, तिथं भिंतभर स्क्रीनवर प्रत्येक गाडी दिसते. म्हणून एखाद्या वेळी गाडी मधातच बोगद्यात थांबते तेव्हा बहुतेक वेळा कारण एवढंच असते की पुढच्या स्टेशनातली गाडी निघालेली नाही. अन् ती का नाही निघाली? कारण कोणीतरी दरवाज्यात पिशवी घातली. सगळे दरवाजे, काचेच्या भिंतीचेही, पूर्ण लागल्याशिवाय गाडी हलतच नाही, तशी सिस्टिम आहे. एक माणूस वीस सेकंद दरवाजा अडवते, तेवढ्यात पुढच्या स्टेशनावर जास्त लोकं जमा होते, त्यांना चढायला अजून जास्त वेळ लागते, गाडी अजून मागं पडते, तिच्या मागची गाडी येऊन चिकटते, अन् अर्ध्या तासानं शहराच्या दुसऱ्या टोकाला कोणाची तरी फ्लाइट सुटते. धावू नका म्हणून सुरुवातीला म्हटलं ते याच्यासाठी पण.

हवेचं काय, दम लागते का, हे सगळ्यात जास्त विचारते लोकं. नाही लागत. वरच्या रस्त्यावर कुठं कुठं जाळीचे मोठे चौकोनी मनोरे दिसतात ते हवेचे रस्ते आहेत, त्याच्यात अवाढव्य पंखे असते. बोगद्यात आग-धूर झाला तर ते पंखे धूर एका बाजूला ढकलते अन् लोकांना दुसऱ्या बाजूनं काढते. दोन दिशांचे दोन बोगदे समांतर असते अन् त्यांच्या मधात ठरावीक अंतरावर आडवे रस्ते असते, एकातून दुसऱ्यात जाता येते. गाडीत दरवाज्याजवळ एक बटण असते, ते दाबलं की ड्रायव्हरशी बोलता येते, कोणाला चक्कर आली, छातीत दुखलं तर ते वापरा. दरवाजा हातानं उघडून उतरायचा प्रयत्न कधीच करू नका, गाडी कितीही वेळ थांबली तरी. वीज गेली तरी बॅटरीवर लाइट अन् थोडी हवा चालू राहते. लेकरू प्लॅटफॉर्मवर राहिलं अन् तुम्ही गाडीत, किंवा उलटं, तर पुढच्या स्टेशनाला उतरून तिथल्या माणसाला सांगा, ते मागच्या स्टेशनाला लगेच कळवते. अन् लेकराला घरूनच सांगून ठेवा की असं झालं तर जागचं हलायचं नाही. लेकराच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी पाह्यजेच.

रात्रीचं काम कोणाला दिसत नाही. शेवटची गाडी साडेदहाच्या आसपास निघते, सकाळी सहाच्या आसपास पहिली. त्याच्या मधात कामाला हातात मिळणारे चार-पाच तास साळ्यासारख्यांचे. लाइन बंद करते, वरची वीज कापते, तार जमिनीला जोडते म्हणजे चुकून करंट आला तरी माणूस मरणार नाही, अन् मंग रुळावर उतरून रूळ, सिग्नल, पंप, दरवाजे तपासत चालते. पंप महत्त्वाचे, कारण जमिनीखाली पाणी झिरपतेच, आपल्या विहिरीत आपल्याला पाह्यजे तेव्हा लागत नाही अन् तिथं नको तिथं लागते. कामाला नेलेला प्रत्येक पाना, प्रत्येक टॉर्च मोजून नेते अन् मोजून परत आणते. सकाळी पहिली गाडी बऱ्याच ठिकाणी रिकामी फिरवून पाहते अन् मंगच लोकं घेते. म्हणून कोणी म्हणते की मेट्रो लोकांसाठी रात्रभर का चालवत नाही, तर त्याचं उत्तर हे आहे. न्यूयॉर्कची चालवते चोवीस तास, १९०४ पासूनची आहे ती, पण तिथं बऱ्याच मार्गांवर चार-चार रूळ आहेत, दोन बंद ठेवले तरी दोनवर गाडी चालते.

अन् जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनची, १८६३ ची, ती तर कोळशाच्या वाफेच्या इंजिनावर चालायची, बोगद्यात धूर! आमची शकुंतला, मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी रेल्वे, ती १९९४ पर्यंत वाफेवरच होती पण निदान पऱ्हाटीच्या शेतातून मोकळ्या हवेत जायची. तिच्या दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, मुंबई मेट्रोचं १४३५. आता शकुंतला बंद पडून आहे, दारव्ह्याच्या स्टेशनात बकऱ्या बसते. असो, तो विषय काढला की लिहिणं थांबत नाही.

दिल्लीला जाणाऱ्यांसाठी थोडंसं. तिथली मेट्रो २००२ पासून आहे, लाइनी खूप आहेत, रंगावरून ओळखायच्या. नवी दिल्ली रेल्वे स्टेशनाला पिवळी लाइन लागूनच आहे. राजीव चौकात पिवळ्यावरून निळ्यावर बदलते, तिथं इतकी गर्दी असते की कुटुंबाला आधीच सांगून ठेवा, हात सुटला तर कोणत्या खांबाजवळ भेटायचं. जाण्याच्या दिशेनं पहिला डबा बायांचा, त्यात माणसांनी चढायचं नाही, आपले लोकं मोकळा दिसला म्हणून घुसते अन् दंड भरते. कलकत्त्याची तर देशात सगळ्यात जुनी, १९८४ ची, अन् २०२४ पासून तिथं हुगळी नदीच्या खालून गाडी जाते, हावड्याला उतरणाऱ्यांना सोयीची आहे.

पोरांनी विचारलं म्हणून नोकरीचंही. आयटीआयवाल्यांना मेंटेनर, डिप्लोमा-इंजिनिअरिंगवाल्यांना स्टेशन कंट्रोलर, ट्रेन ऑपरेटर, ज्युनिअर इंजिनिअर अशा जागा निघते. जाहिरात त्या त्या मेट्रोच्या स्वतःच्या वेबसाइटवरच येते, परीक्षा असते, मेडिकल असते, त्यात डोळे अन् रंग ओळखणं कडक पाहते, म्हणून फॉर्म भरायच्या आधीच डोळे तपासून घ्या. इलेक्ट्रिशियन, फिटर, इलेक्ट्रॉनिक्स हे ट्रेड चालते. "मेट्रोत लावून देतो, दोन लाख लागतील" असं म्हणणारा माणूस तालुक्याला हमखास भेटते. पऱ्हाटी विकून, बायकोची पोत मोडून त्याला पैसे देणारे मी पाहिलेले आहेत. एक रुपया देऊ नका, फॉर्मची फी तेवढी ऑनलाइन भरा अन् पावती जपून ठेवा.

आता परत येतानाचं. विदर्भ अन् अमरावती एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते अन् नेमकी तीच ऑफिस सुटायची वेळ, म्हणून बीकेसी किंवा विमानतळाकडून येत असाल तर पाचच्या आतच मेट्रोत बसून जा. सीएसएमटीला खालून वर येताना रेल्वे स्टेशनाकडचा बाण पाहा. लोकलचे प्लॅटफॉर्म १ ते ७, आपल्या लांबच्या गाड्या त्याच्या पलीकडे ८ पासून पुढं, अन् जनरलचा डबा बऱ्याच वेळा पार टोकाला असते. मेट्रोतून निघून डब्यात बसेपर्यंत सामानासकट अर्धा तास धरा, पाण्याची बाटली अन् डबा आधीच घेऊन ठेवा.